चाळिसावा तास

आधीच सांगून टाकते, शब्द मी दिला होता. सीमंतिनीने नाही, आमच्या ह्यांनी नाही, गुरुजींनी तर नाहीच. डिसेंबरच्या धुक्यात, घाटाच्या ओट्यावर, पायात दोन-दोन मोजे घालून कुडकुडत उभ्या असलेल्या मी, शामलाने, एका कावळ्याला शब्द दिला आणि तो पाळण्यापायी माझ्या धाकट्या जावेने, ह्याच सीमंतिनीने, चार वर्षं गच्चीवर काढली. तेव्हा तिची गोष्ट सांगायची जबाबदारीही माझीच. आणि मी बत्तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलंय, त्यामुळे पायरी गाळून पुढे गेलेलं मला चालत नाही. क्रमाने सांगते.

माझे धाकटे दीर यशोधन. मी लग्न होऊन ग्वाल्हेरला ह्या घरात आले तेव्हा भावजी चौदा वर्षांचे होते आणि पुठ्ठ्याच्या नळीला चष्म्याची काच चिकटवून गच्चीवर चंद्र बघत होते. पुढे महापालिकेच्या दिवाबत्ती खात्यात लागले. म्हणजे दिवसभर आमच्या ह्या लश्कर भागात दिवे लावत फिरायचं आणि रात्री गच्चीवर चढून त्याच दिव्यांच्या नावाने बोटं मोडायची. मी म्हणायची, "भावजी, आपल्याच पोटावर पाय देताय." तर म्हणायचे, "वहिनी, मी बदली मागणार आहे. दिवे विझवायचं खातं निघालं की."

पुठ्ठ्याची नळी गेली, हातभर लांबीची पांढरी दुर्बीण आली, ताऱ्यांबरोबर हळूहळू वळणारी तिची मोटरची बैठक, ते माउंट म्हणायचे ती, आली, मागे लावायचा कॅमेरा आला. आणि मग भावजींनी ते खूळ घेतलं. शर्मिष्ठा नावाचा एक तारकासमूह आहे, पाच ताऱ्यांचा, वाकडातिकडा. त्याच्या शेजारी फार जुन्या काळी एक तारा फुटला आणि त्याचा धूर अजून पसरतोय. गोल, बांगडीसारखा, एका बाजूला तुटलेला. आकाशात जागा म्हणाल तर पुनवेच्या चंद्राएवढी, पण इतका फिका की नुसत्या डोळ्याने तो आजवर कोणी पाहिलेला नाही. त्याला धड नाव नाही, नंबर आहे. परदेशातली हौशी मंडळी त्याला लसूण म्हणतात. आता चातुर्मासात आमच्या घरात लसूण येत नाही, आणि भावजींनी नेमका तोच गच्चीवर मांडलेला.

हे असले फोटो एका क्लिकमध्ये येत नाहीत. पाच मिनिटांचा एक फोटो, असे शेकडो काढायचे. एकेकात बघाल तर नुसती खरखर. पण ती खरखर दर फोटोत वेगळ्या जागी असते आणि बांगडी दर वेळी त्याच जागी. सगळे फोटो संगणकात एकावर एक रचले की खरखर एकमेकींना खोडते आणि बांगडी साचत जाते. सरासरी हो, सातवीच्या मुलींना शिकवायची मी. भावजींचा हिशेब होता, चाळीस तास साचले की चित्र पूर्ण.

चाळीस तास म्हणजे काय, आठवड्यात होतील, असं मलाही वाटलं होतं. पण आमचं घर इंदरगंजच्या मागच्या गल्लीत, आणि घराच्या पाठीला मॅरेज गार्डन. लग्नसराईत तिथले दिवे असे आभाळात घुसतात की चंद्र असला काय आणि नसला काय. पावसाळ्यात ढग, नवरात्रात झगमगाट, दिवाळीला धूर, देवउठनी, म्हणजे कार्तिकी, एकादशीपासून वराती, मग जानेवारी संपेस्तोवर धुकं, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत शर्मिष्ठाच रात्री धड वर नसते. वर्षातून उरतो एकच पंधरवडा, पितृपक्ष. पाऊस परतलेला, चंद्र उतरणीला लागलेला, आणि लग्न कोणी करत नाही म्हणून गार्डन बंद. ज्या दिवसांत लोक नवी चप्पलसुद्धा घेत नाहीत, त्या दिवसांत आमच्या भावजींची दिवाळी. "मेलेल्या ताऱ्याचं श्राद्ध घालताय," मी चिडवायची. ते म्हणायचे, "आणि वहिनी, जेवायला कोणी बामणही नाही लागत."

सीमंतिनी ह्यात कुठेच नव्हती. ती पडाव भागात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचपट्टीवरच्या रक्ताच्या पेशी मोजायच्या. सकाळी सातची ड्यूटी, त्यामुळे रात्री साडेनऊला हिचा डोळा लागायचा. झोपण्याआधी गच्चीवर चहाचा थर्मास ठेवून यायची, तेवढंच. बोलणं तर इतकं कमी की घरात आली की गेली ते चपलांवरून कळायचं. भावजी लग्नानंतर तिला वर घेऊन गेले होते, सगळं आकाश दाखवलं, आणि ही म्हणाली, "थंडी वाजतेय." हे भावजी जन्मभर हसून सांगायचे. ती पण हसायची.

डिसेंबरात एका सकाळी दाढी करता करता भावजी खाली बसले, ते उठलेच नाहीत. चोपन्न वर्षांचे होते. मी त्यांना शाळेचा डबा भरून दिलेला आहे हो, त्यांच्या लग्नातला लाडू माझ्या हातचा. त्याबद्दल जास्त बोलत नाही.

दहाव्याला आम्ही दोघीही घाटावर गेलो. बायकांनी जायचं नसतं असं कोणी म्हटलं असेल तर मला ऐकू आलं नाही. धुकं असं की चार हातांवरचा माणूस दिसत नव्हता, कावळा काय दिसणार? पिंड मांडून पाऊण तास झाला. शेवटी एक कावळा भिंतीवर येऊन बसला, पण पिंडाला शिवेना. आपल्यात म्हणतात ना, कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याची काही इच्छा राहिली आहे. ती बोलून दाखवायची, पुरी करू म्हणून सांगायचं. आमचे हे, पांडुरंगराव, हात जोडून म्हणाले, "तुझ्या तन्वीचं लग्न चांगलं करू." कावळा ढिम्म. "सीमंतिनीला काही कमी पडू देणार नाही." ढिम्म. घराचं झालं, गावाकडच्या देवाचं झालं. गुरुजी कानटोपी सारखी करत दर्भाचा कावळा वळायला बसले. मला थंडी वाजत होती, रडू येत होतं, आणि मला रडू आलं की राग येतो. मी पुढे झाले आणि म्हटलं, "भावजी, तुमचा तो लसूण आम्ही पूर्ण करू. चाळीस तास पूर्ण करू. आता तरी या."

कावळा उतरला आणि पिंडाला चोच लावली.

परतताना रिक्षात सीमंतिनी म्हणाली, "ताई, एकोणीस तास झालेत त्यांचे. एकवीस राहिलेत." तिला आकडा माहीत होता.

मग तिने ते शिकून घेतलं. कसं, ते मला विचारू नका. भावजींच्या वह्या घेऊन बसायची, मोबाइलवर कुठल्या कुठल्या लोकांचे व्हिडिओ बघायची. ध्रुवताऱ्यावर दुर्बीण नेमकी लावायला तिला चार महिने लागले. बोटं मात्र काचपट्ट्यांवर चालून तयार होती, आणि फिकं बघायची नजर होतीच. पहिल्या पितृपक्षात तिने सात तास जमवले. लॅबमध्ये सकाळची ड्यूटी बदलून दुपारची मागितली. बावन्न वर्षांची बाई, रात्री एक वाजता थर्मास घेऊन जिना उतरायची आणि पहाटे परत चढायची.

मी दर वर्षी भावजींच्या तिथीला, दशमीला, विचारायची, "किती झाले?" शब्द माझा होता ना. एकोणसत्तर वर्षांची झाले मी, गुडघे गेलेत, छातीत एक स्टेंट आहे. उद्या वर गेले तर भावजी दारातच उभे असतील, "काय वहिनी, माझं चित्र?" म्हणून. तर पहिल्या वर्षी ती म्हणाली, सव्वीस. दुसऱ्या वर्षी तेहतीस. मी म्हटलं, वा. तिसऱ्या वर्षी सदतीस. ढग होते म्हणाली, आणि खरंच होते. ह्या वर्षी मला दम निघाला नाही, अष्टमीलाच विचारलं. "एकोणचाळीस," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

सात, सात, चार, दोन. गणिताच्या मास्तरणीला ह्यात काही दिसू नये? डोक्यात आलं नाही माझ्या.

ते उघडं पाडलं तन्वीने. तन्वी भावजींची मुलगी, इंदूरला नोकरी करते, श्राद्धासाठी नवमीला आली. ह्या वर्षी अधिक महिन्यामुळे पितृपक्ष उशिरा आलेला, पंधरा दिवस आभाळ लख्ख. तिची आई लॅबमध्ये गेलेली होती आणि ही लॅपटॉप उघडून बसली होती. मी अळूची पानं पुसत होते, इथल्या भाजीवालीच्या भाषेत अरबीचे पत्ते. सहज म्हटलं, "बघ गं, एक तास राहिलाय, आज रात्री होईल. उद्या तुझ्या बाबांना सांगून टाकू."

"मोठी आई, कौन सा एक तास?" ती म्हणाली. "इथे तर एकशे चार दाखवतंय."

"काय एकशे चार?"

"तास. टोटल. चाळीस तर कब के हो गए, दुसऱ्याच वर्षी. हे बघ ना, तारखा आहेत."

मी पान खाली ठेवलं. चष्मा लावून बघितल्या तारखा. खरंच होतं. तीन वर्षं ही बाई माझ्या तोंडावर खोटं सांगत होती, आणि तेही असा एकेक आकडा खालून सरकवत, एखाद्या मुरलेल्या कारकुनासारखी. त्या रात्री मी तिच्याशी बोलले नाही. तिच्या लक्षातही आलं नसेल, कारण ती जेवून सरळ वर गेली.

पहाटे साडेपाचला मी उठले. श्राद्धाचा दिवस, गच्ची धुवायची होती. निदान ह्यांना तसं सांगितलं. कठड्याला धरत, एकेक पायरी मोजत वर पोचले, तर आभाळ पांढरं होत आलं होतं आणि सीमंतिनी दुर्बिणीच्या तोंडावर कापड ताणून बसवत होती. काचेवरची धूळ कुठे कुठे आहे ते टिपायला पहाटेच्या आभाळाचा एक कोरा फोटो घेतात, त्यासाठी पांढरं कापड लागतं. ते कापड भावजींचा बनियन होता. खांद्याला उसवलेला. ते होते तेव्हाही तोच वापरायचे, आणि मी त्यांना त्यावरून बोलायची.

मी ठरवून आलेलं सगळं तिथेच निम्मं झालं. उरलेलं निम्मं बोलले.

"एकशे चार?" मी म्हटलं. "अगं, कावळ्याला शब्द दिला होता मी. तुझ्यासाठी, ह्या घरासाठी दिला होता. पूर्ण होऊनही सांगितलं नाहीस? त्या जिवाला तिथे ताटकळत ठेवलंस?"

तिने बनियनची सुरकुती काढली. कॅमेरा चालू केला. मग माझ्याकडे वळली.

"ताई, इच्छा राहिली की माणूस घुटमळतो, असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतेच. म्हणून तर..."

"मग घुटमळू देत."

ती कधी सलग चार वाक्यं बोलत नाही, त्या दिवशी बोलली. "सत्तावीस वर्षं ते वर होते आणि मी खाली झोपले होते. रोज म्हणायचे, आज थांब थोडा वेळ. मी म्हणायची, सकाळी ड्यूटी आहे. आता मी वर येते तर वाटतं, आहेत इथेच, त्या माउंटच्या पलीकडे बसलेत, काहीतरी चुकलं की हसतील. ज्या दिवशी चाळिसावा तास झाला ना, त्या दिवशी मी फोटो उघडलाच नाही. लॅपटॉप बंद केला. पूर्ण झालं म्हटलं की ते जातील. मग मी वर कशाला येऊ?"

"आणि एकशे चार?"

"थांबता येत नाही मला," ती म्हणाली आणि रडली. चार वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी तिला जवळ घेतलं. माझी छाती तिच्यापेक्षा जास्त हलत होती, स्टेंटसकट.

मी म्हटलं, "दाखव तरी."

तिने पालथ्या बादलीवर लॅपटॉप ठेवला आणि उघडला. काळ्याभोर आभाळात अगदी बारीक लाल रेघेची बांगडी. एका बाजूला तुटलेली, खरंच. तिच्या आतबाहेर तारेच तारे. इतकी नाजूक की मोठ्याने बोललं तर पुसली जाईल असं मला वाटलं. चौदा वर्षांचा तो मुलगा पुठ्ठ्याची नळी घेऊन मला दिसला. "वहिनी, दिसतंय का?" असं विचारायचा, आणि मला कधीच काही दिसायचं नाही, पण मी हो म्हणायची.

"ह्यात भावजींचे कुठले?" मी विचारलं.

"वेगळे काढता येत नाहीत, ताई. सगळे एकावर एक बसलेत."

खाली ह्यांनी हाक मारली, दूध आलंय म्हणून. आम्ही गच्ची धुतली आणि उतरलो.

श्राद्ध यथासांग झालं. खीर, वडे, अळूच्या वड्या, गवार, आमसुलाची चटणी, काही राहिलं नाही. दुपारी पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि आम्ही चौघं मागे सरलो. मॅरेज गार्डनच्या लोखंडी कमानीवर एक कावळा येऊन बसला होता. बसला तो बसलाच. खिरीवर माशी आली, ती तन्वीने हाकलली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. ह्यांनी हात जोडले आणि माझ्याकडे बघितलं. ह्या घरात कावळ्याशी बोलायचं खातं आता माझ्याकडे आहे.

मी पुढे झाले. काय बोलायचं ते मला माहीत होतं. चार वर्षं हेच वाक्य मी तोंडात धरून होते: भावजी, झालं तुमचं चित्र, शब्द पाळला, आता सुखाने जा. एवढं म्हटलं की मी सुटले, ते सुटले. सीमंतिनी बाजूला तांब्या घेऊन उभी होती. तिने मला अडवलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. नुसती त्या तांब्यातल्या पाण्याकडे बघत होती.

आणि खरं सांगते, मलाही ते जायला नको होते. तिच्याइतकेच नको होते. मी आपली शब्दाचं निमित्त करून दर वर्षी त्यांचं नाव काढत होते, आकडा विचारत होते. उद्या आकडा संपला असता तर मी तरी कोणाला काय विचारणार होते?

मी हात जोडले आणि स्वच्छ आवाजात म्हटलं, "भावजी, एकोणचाळीस झालेत. एक राहिलाय. ह्या वर्षी ढग फार होते."

कमानीवरून कावळा उडाला, कठड्यावर आला, मान वाकडी करून त्याने आम्हा चौघांना एकदा बघून घेतलं आणि वडा उचलला.

"अगं, पण ढग कुठे होते?" हे म्हणाले. "पंधरा दिवस आभाळ कोरडं आहे."

"तुम्ही पानावर बसा," मी म्हटलं.

जेवताना सीमंतिनीने पहिली खीर माझ्या वाटीत वाढली, आणि मला साखर चालत नाही हे माहीत असून दुसऱ्यांदाही वाढली. रात्री आठला जिन्यातून तिची हाक आली, "ताई, येताय ना? आभाळ साफ आहे." मी शाल घेतली, गुडघ्याचा पट्टा बांधला आणि वर गेले. थंडी वाजत होती, पण मी तसं म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी त्यांना किती सांगायचे, ते आम्ही दोघींनी अजून ठरवलेलं नाही.